प्रीति, धन आणि गेलेला काळ

प्रीति करणें हा कधीं अपराध होऊं शकतो काय? आमच्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत हा प्रश्न कोणी विचारला तर बहुतेक जण चकित होऊन त्याच्याकडे पाहूं लागतील. देवाचें अंतःकरण प्रीतीनें भरलेलें आहे असें आपण आपल्या लेंकरांना पहिल्या धड्यापासून शिकवितों. मग जितकी प्रीति अधिक तितका मनुष्य देवाच्या अधिक जवळ, असेंच कोणीही म्हणेल. परंतु अशी एक कथा आहे कीं जींत एका मनुष्यानें एकाच स्त्रीवर वर्षानुवर्षें चित्त ठेविलें, तिच्यासाठीं अपार धन मिळविलें, शेवटीं तिचा अपराध आपल्या माथीं घेण्यास तो सिद्ध झाला व त्यांतच प्राणास मुकला. आणि तरीही ती कथा वाचून अगर पाहून उठणाऱ्याच्या मनांत धन्यतेपेक्षां भीतीच अधिक उरते. असें कां व्हावें, याचा विचार आज करावयाचा आहे.

ती कथा म्हणजे अमेरिकन लेखक एफ. स्कॉट फिट्झजेराल्ड यांची ‘द ग्रेट गॅट्सबी’ ही कादंबरी. ती १९२५ सालीं प्रसिद्ध झाली. लेखकाच्या हयातींत तिचा फारसा बोलबाला झाला नाहीं. ते १९४० सालीं वारले तेव्हां आपण विसरले गेलों अशीच त्यांची समजूत होती. पुढें महायुद्धांत अमेरिकन शिपायांना वाचावयास जीं लहान पुस्तकें फुकट वाटण्यांत आलीं त्यांत हिच्या लाखाहून अधिक प्रती गेल्या, आणि तेथून तिचें भाग्य उघडलें. तिच्यावरून १९२६ सालीं एक मूकपट निघाला होता, तो आतां हरवला आहे. त्यानंतर १९४९, १९७४ व २०१३ या सालीं बोलपट निघाले. शेवटच्या बोलपटांत आपल्या मुंबईचे नट अमिताभ बच्चन यांनीं वूल्फशाइम नांवाच्या जुगारी मनुष्याचें लहानसें काम केलें आहे. आम्ही येथें विशेषेंकरून १९७४ सालच्या बोलपटाविषयीं बोलणार आहों. त्याचे दिग्दर्शक जॅक क्लेटन, पटकथा फ्रान्सिस फोर्ड कोपोला यांची, आणि मुख्य कामें रॉबर्ट रेडफर्ड व मिआ फॅरो यांचीं. बोलपट पाहणें आमच्या वडील मंडळींस रुचत नसे, आणि त्यांचें म्हणणें अगदींच निराधार नव्हतें; परंतु ज्या गोष्टींत मनुष्याचें हृदय उघडें पडतें ती उपदेशकानें जाणून घेणें वाईट नव्हे.

आतां कथा ऐका. उत्तर डकोटा प्रांतांत गरीब शेतकऱ्याच्या पोटीं जेम्स गॅट्झ नांवाचा मुलगा जन्मला. आपलें दारिद्र्य व आपले आईबाप यांची त्यास लाज वाटे. सतराव्या वर्षीं त्यानें आपलें नांव टाकून ‘जे गॅट्सबी’ असें नवें नांव घेतलें. लुथरन मिशनऱ्यांच्या पंथाचें एक लहानसें कॉलेज होतें, तेथें तो गेला. पण फीबद्दल झाडलोटीचें काम करावें लागे तें त्यास अपमानाचें वाटून दोन आठवड्यांतच निघाला. (आमच्या बोर्डिंगांत शिकलेल्या किती वाचकांना येथें आपले हातांतील झाडू आठवतील!) पुढें १९१७ सालीं तो सैन्यांत अधिकारी असतां केंटकी प्रांतांतील लुईव्हिल शहरीं त्यास डेझी नांवाची एक श्रीमंत कुमारी भेटली. दोघांचें मन जडलें. तो युद्धावर गेला. ती कांहीं काळ थांबली, मग १९१९ सालीं तिनें टॉम ब्यूकॅनन नामक धनाढ्याशीं विवाह केला. लग्नाच्या आदल्या दिवशीं नवऱ्यानें तीस साडेतीन लाख डॉलरांची मोत्यांची माळ दिली होती. त्याच रात्रीं तिच्या हातीं गॅट्सबीचें पत्र आलें, ती रडली, मद्य प्याली, आणि दुसरे दिवशीं मुकाट्यानें बोहल्यावर उभी राहिली.

गॅट्सबी परत आला तो एकच निश्चय घेऊन. पैशामुळें ती गेली, तर पैशानें ती परत येईल. १९७४ सालच्या बोलपटांत हें डेझीच्याच तोंडून स्पष्ट वदविलें आहे. श्रीमंताच्या मुली गरिबाच्या घरीं नांदावयास जात नाहींत, हा व्यवहार ती त्यास सांगते. त्यानें न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंड बेटावर समुद्रकांठीं एक राजवाडा घेतला. तो अशाच जागीं घेतला कीं पाण्यापलीकडे डेझीचें घर दिसावें. तिच्या धक्क्याच्या टोकाला रात्रीं एक हिरवा दिवा जळे. गॅट्सबी अंधारांत उभा राहून त्या दिव्याकडे हात पसरी. दर शनिवारीं त्याच्या घरीं शेंकडों लोक जेवत, नाचत, पीत. तो स्वतः एक थेंबही घेत नसे. त्या गर्दींत एखादे दिवशीं ती येईल, एवढ्यासाठींच तो सारा खटाटोप होता.

इतका पैसा आला कोठून? येथें आमच्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांचा संबंध येतो. अमेरिकेंतील मंडळ्यांनीं, विशेषतः तेथील ख्रिस्ती भगिनींनीं, पन्नास वर्षें झगडून दारूबंदीचा कायदा करवून घेतला होता. तो जानेवारी १९२० पासून अमलांत आला व डिसेंबर १९३३ मध्यें रद्द झाला. त्या अवधींत औषधाच्या दुकानांतून चोरून मद्यार्क विकून जे गबर झाले त्यांपैकीं हा एक. ज्या भल्या माणसांनीं तो कायदा करविला त्यांस हंसण्याचें आमच्या मनांत नाहीं. दारूनें उध्वस्त झालेलीं घरें त्यांनीं आपल्या डोळ्यांनीं पाहिलीं होतीं. परंतु कायद्यानें दुकान बंद होतें, तहान बंद होत नाहीं, आणि दुसऱ्याच्या तहानेवर श्रीमंत होणारा मनुष्य स्वतः निर्व्यसनी असला म्हणून निर्दोष ठरत नाहीं.

आतां मूळ प्रश्नाकडे येऊं. गॅट्सबीचा कैवार घेणारे म्हणतात कीं, त्याचा पैसा पापाचा असेल, पण त्याची प्रीति तर शुद्ध होती. याकोबानेंही राहेलीसाठीं लाबानाच्या घरीं सात वर्षें चाकरी केली आणि प्रीतीमुळें तीं वर्षें त्यास थोड्या दिवसांसारखीं वाटलीं; मग याकोबाची स्तुति आणि गॅट्सबीची निंदा, हा कोणता न्याय?

हा आक्षेप खरोखर विचार करण्याजोगा आहे, म्हणून त्यास जरा सावकाश उत्तर देतों. राहेल याकोबास मिळाली तेव्हां ती कशी होती तें उत्पत्तीच्या पुस्तकांत मुळींच झांकलेलें नाहीं. ती बहिणीचा हेवा करी, मूल होत नाहीं म्हणून नवऱ्यावर रागावे, आणि घर सोडतांना तिनें बापाच्या गृहमूर्ति चोरून सामानांत लपविल्या. याकोबानें ह्या राहेलीवर प्रीति केली. मनांत घडविलेल्या दुसऱ्या एखाद्या राहेलीवर नव्हे. तो तिच्याशीं भांडला, तिचें दुःख त्यानें सोसलें, ती वाटेंत बाळंतपणांत वारली तेव्हां तिच्या कबरेवर त्यानें स्तंभ उभारला. गॅट्सबीची गोष्ट याहून वेगळी आहे. पांच वर्षें तो ज्या डेझीकडे हात पसरीत होता ती पाण्यापलीकडे नव्हतीच. ती त्याच्या मनांत होती. रोज त्यानें तिला नवा साज चढविला. शेवटीं खरी डेझी, एका लहान मुलीची आई, हंसरी, भित्री, आळशी, कांहींशी दयाळू, अशी समोर येऊन बसली, तेव्हां ती त्या मनांतल्या मूर्तीच्या मापाला पुरली नाहीं. यांत तिचा दोष काय? तें माप कोणत्याही जित्या स्त्रीला पुरण्यासारखें नव्हतें.

मूर्ति म्हणजे काय हें आमच्या वाचकांना शिकवावें लागत नाहीं. आपल्या आजोबापणजोबांनीं शेंदूर फांसलेले दगड आपण पाहिले आहेत. परंतु मूर्ति दगडाचीच असावी असा नियम नाहीं. मनुष्याचीही मूर्ति करतां येते, आणि तशी केली म्हणजे दोघांचा नाश होतो, पूजा करणाराचा आणि जिची पूजा होते तिचाही. कारण दगडाला निदान कोणी असें म्हणत नाहीं कीं, तूं आपला भूतकाळ पुसून टाक.

गॅट्सबीनें डेझीला नेमकें हेंच सांगितलें. कथेंतील सर्वांत भयंकर प्रसंग माझ्या मतें खुनाचा नव्हे, तर न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलांतील हा आहे. उन्हाळ्याची दुपार, अंगाची लाही लाही होत आहे, आणि नवऱ्याच्या देखत गॅट्सबी तिला म्हणतो कीं, तूं याच्यावर कधींच प्रीति केली नाहींस असें सांग. ती आज आपल्यावर प्रीति करते, नवऱ्यास सोडावयास तयार आहे, एवढ्यानें त्याचें समाधान होत नाहीं. मधलीं वर्षें घडलींच नाहींत असें तिनें म्हटलें पाहिजे. ती बिचारी म्हणूं पाहते, तिच्या तोंडून शब्द निघतातही, आणि मग तिचा धीर सुटतो. कारण तें खोटें आहे. तिनें एके काळीं नवऱ्यावरही प्रीति केली होती. एवढें खरें ऐकतांच गॅट्सबीचा सारा डोलारा कोसळतो. दारूचे ट्रक, राजवाडा, रंगीबेरंगी सदऱ्यांचे ढीग, सर्व कांहीं एका खऱ्या वाक्यापुढें टिकत नाहीं. जी प्रीति खरें ऐकूं शकत नाहीं तिला प्रीति म्हणावयाचें कीं दुसरें कांहीं? शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकांत अम्नोन तामारेसाठीं झुरून झुरून आजारी पडला, त्याला लोक प्रीतिच म्हणत होते. गॅट्सबी अम्नोनासारखा दुष्ट नव्हता, हें कबूल केलें पाहिजे. त्यानें डेझीवर बळजबरी केली नाहीं, उलट तिच्यासाठीं मरण पत्करलें. तथापि दोघांनाही समोरची स्त्री दिसली नाहीं, एवढें साम्य राहतेंच.

आणि हा प्रश्न केवळ नवराबायकोंचा नाहीं. गेलेला काळ पुन्हां हातीं घेऊन आपल्या मनासारखा घडवितां येईल अशी गॅट्सबीची खात्री होती. प्रिय वाचकहो, आपणांपैकीं कित्येकांस ही गोष्ट जवळची वाटेल. आपण ख्रिस्ताकडे आलों तेव्हां आपणही पूर्वींचें आयुष्य मागें टाकिलें. कोणी नांव बदललें, कोणी गांव बदललें, कोणी आपली जात सांगावयाचें सोडलें. मग आपणांत व त्या जेम्स गॅट्झांत अंतर कोणतें? नुसत्या नांवानें तें ठरत नाहीं. नारायण वामन टिळक १८९५ सालीं बाप्तिस्मा घेऊनही त्याच नांवानें राहिले, पंडिता रमाबाईंनींही आपलें नांव ठेविलें, आणि ज्यांनीं बदललें त्यांनींही प्रामाणिकपणें बदललें. अंतर येथें आहे कीं, गॅट्सबीला आपला भूतकाळ नाहींसा करावयाचा होता, आणि देव आपला भूतकाळ नाहींसा करीत नाहीं. तो त्याची क्षमा करितो. पेत्रानें कोंबडा आरवण्यापूर्वीं तीनदां प्रभूला नाकारिलें, हें चारही शुभवर्तमानांतून कोणीं खोडून टाकिलें नाहीं. पुनरुत्थानानंतर सरोवराच्या कांठीं प्रभूनें त्याला तीन वेळां प्रीतीविषयीं विचारिलें, पण तूं मला कधींच नाकारिलें नव्हतेंस असें म्हण, अशी अट घातली नाहीं. ज्याला क्षमा मिळाली आहे तो खरें सांगूं शकतो. गॅट्सबीजवळ क्षमा नव्हती, देण्यास नाहीं आणि घेण्यासही नाहीं. म्हणून त्याला खोट्याचा आधार घ्यावा लागला. मीं श्रीमंत घराण्यांतला, माझीं सर्व माणसें मेलीं, असें तो लोकांना सांगे. आणि त्याचा बाप तर मिनेसोटा प्रांतांत जिवंत होता! आपला बाप अद्याप देवळासमोर नारळ फोडतो म्हणून मंडळींत त्याचें नांव काढावयास जो तरुण लाजतो, त्यानें या ठिकाणीं क्षणभर थांबावें.

धनाविषयीं थोडेंच सांगावयाचें आहे. गॅट्सबीचा पैसा पाहून डेझी विरघळली खरी. कपाटांतले रेशमी सदरे त्यानें तिच्यापुढें टाकले तेव्हां त्यांत तोंड लपवून ती रडली. १९७४ च्या बोलपटास वेषभूषा व संगीत यांबद्दल ऑस्कर पारितोषिकें मिळालीं, आणि आम्हांस तर असें वाटतें कीं, तो बोलपटही डेझीप्रमाणेंच त्या सदऱ्यांत थोडासा गुंतला आहे. कादंबरींत दोघांच्या भेटीगांठी बहुतेक पडद्याआड राहतात. बोलपटांत त्या लांबवून दाखविल्या आहेत, त्यामुळें हें नुसतें एक दुर्दैवी प्रेम होतें असा भास होतो. पुष्कळ टीकाकारांनींही तो संथ म्हणून त्यास नांवें ठेविलीं. मुद्दा असा कीं, त्या संपत्तींतून डेझी त्याच्याकडे आली, आणि संकट येतांच अधिक जुन्या, अधिक भक्कम संपत्तीच्या आड, म्हणजे नवऱ्याच्या घरीं, जाऊन लपली. पैशानें बोलाविलेलें पैशापाशींच परत जातें.

संकट कसें आलें तें सांगितलें पाहिजे, कारण तेथेंच आमच्यासारख्या गरिबांचा या कथेंत प्रवेश होतो. लाँग आयलंडहून न्यूयॉर्कला जातांना वाटेंत राखेचें एक मैदान लागे. शहरांतील चुलींची राख तेथें आणून टाकीत. तें मैदान काल्पनिक नव्हे. कोरोना नांवाच्या वस्तीपाशीं तें होतें, आणि पुढें तें साफ करून तेथेंच १९३९ चें जागतिक प्रदर्शन भरलें. कथेंत त्या राखेच्या कडेला विल्सन नांवाचा गरीब मोटारदुरुस्ती करणारा राहतो. डेझीच्या नवऱ्यानें त्याची बायको मर्टल हिला नादीं लाविलें आहे. प्लाझा हॉटेलांतून परततांना गॅट्सबीची मोटार डेझी चालवीत होती. मर्टल धांवत रस्त्यावर आली, मोटार तिच्यावरून गेली, आणि डेझी थांबली नाहीं. गॅट्सबीनें दोष आपल्यावर घेण्याचें ठरविलें. रात्रभर तो तिच्या घराबाहेर पहारा करीत उभा राहिला. आंत ती नवऱ्याबरोबर स्वयंपाकघरांत बसून पुढची व्यवस्था ठरवीत होती. पुढें टॉमनें विल्सनला सांगितलें कीं मोटार गॅट्सबीची. विल्सननें जाऊन गॅट्सबीला गोळी घातली व मग स्वतःलाही. टॉम आणि डेझी सामान बांधून निघून गेलीं. अहाबानें नाबोथाचा मळा घेतला तेव्हां निदान एक एलीया येऊन उभा राहिला होता. येथें कोणी आला नाहीं.

विल्सनच्या त्या रात्रीचें वर्णन मात्र प्रत्येक उपदेशकानें वाचावें. त्याच्या दुकानासमोर, राखेच्या ढिगांवर, एका डोळ्यांच्या वैद्याची जुनी जाहिरात उभी आहे. तींत तोंड नाहीं, नाक नाहीं. चष्मा लावलेले दोन प्रचंड निळे डोळे तेवढे आहेत. वैद्य केव्हांच निघून गेला, रंग उडाला, डोळे राहिले. बायकोचें प्रेत शेजारच्या खोलींत असतां विल्सन खिडकीशीं उभा राहतो आणि त्या डोळ्यांकडे पाहून म्हणतो कीं देव सर्व पाहतो. शेजारचा एक ग्रीक उपाहारगृहवाला, मायकेलिस, रात्रभर त्याच्याजवळ बसला होता. तो घाबरून सांगतो कीं, अरे, ती तर जाहिरात आहे. त्यापूर्वीं त्यानें विल्सनला विचारिलें असतें कीं, तूं कोणत्या देवळाचा आहेस? कोणाला बोलावूं काय? विल्सन उत्तर देतो कीं, तो कोणत्याच मंडळीचा नाहीं. एवढ्या मोठ्या देशांत, जेथें चौकाचौकांत देवळें आहेत, त्या मनुष्याच्या दारांत त्या रात्रीं जाहिरातीच्या पाटीखेरीज देवाचें नांव घेण्यास कांहीं नव्हतें. त्याला क्षमेचा देव कोणीं दाखविला नव्हता. केवळ पाहणारा देव ठाऊक होता. पाहणाऱ्या देवाचा त्याला अर्थ लागला तो सूडाचा. मायकेलिस पहांटे थकून घरीं निजावयास गेला, आणि तो चार तासांनीं परत आला तोंवर विल्सन निघून गेला होता.

गॅट्सबीच्या प्रेतयात्रेचें वर्तमान सांगून लेख पुरा करितों. ज्या घरीं शेंकडों लोक जेवून गेले त्या घरीं त्या दिवशीं कोणी येईना. वूल्फशाइमनें कळविलें कीं आपणांस गुंतून पडतां येत नाहीं. डेझीकडून तार नाहीं, फूल नाहीं. शेजारी निक कॅरावे, जो ही सर्व कथा सांगतो, तो एकटा धांवपळ करीत होता. मिनेसोटाहून मात्र एक म्हातारा आला. वर्तमानपत्रांत बातमी वाचून आला. तो गॅट्झ, मुलाचा बाप. त्याच्या खिशांत या राजवाड्याचा एक फोटो होता, पुष्कळ हातांनीं मळलेला व कोपऱ्यांत चिरा पडलेला. प्रत्यक्ष राजवाड्यांत उभा असतांही तो म्हातारा फोटोच लोकांना दाखवी. मुलानें दोन वर्षांपूर्वीं भेटून आपणांस राहतें घर घेऊन दिलें, हेंही त्यानें अभिमानानें सांगितलें. मग त्यानें एक जुनें पुस्तक काढिलें. त्याच्या शेवटच्या पानावर त्या मुलानें १९०६ सालीं आपली दिनचर्या लिहून ठेविली होती: पहांटे किती वाजतां उठावयाचें, व्यायाम केव्हां, अभ्यास केव्हां, काम केव्हां. खालीं निश्चय लिहिले होते. तंबाखू सोडावयाची, स्नान नेमानें करावयाचें, दर आठवड्यास एक चांगलें पुस्तक वाचावयाचें, पैसे शिल्लक टाकावयाचे. पांच डॉलर लिहून खोडले होते व तीन केले होते. सर्वांच्या शेवटीं, आईबापांशीं अधिक चांगलें वागावयाचें, असा निश्चय होता.

फ्लशिंगहून लुथरन पाळक येऊन बसले होते. ते वरचेवर घड्याळाकडे पाहूं लागले तेव्हां निकनें त्यांस बाजूस नेऊन अर्धा तास थांबण्याची विनंति केली. ते थांबले. बाहेर पाऊस पडत होता, आणि म्हातारा खिडकीकडे पाहून कोणाच्या मोटारी येतात काय तें बघत होता.